रेसिडेन्सीच्या शिफारसपत्रासाठी इलेक्टिव्ह कुठलं घ्यावं?

भारतात वैद्यकीय शिक्षण घेताना अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी (पदवीनंतरच्या विशेषज्ञ प्रशिक्षणासाठी) शिफारसपत्र मिळवायचं तर इलेक्टिव्ह, म्हणजे तिथल्या रुग्णालयात विद्यार्थी म्हणून काही आठवड्यांचं रोटेशन, कुठे करावं असं तुम्ही विचारलंत आणि तीन पर्याय दिलेत: मोठ्या नावाच्या विद्यापीठ रुग्णालयात चार आठवडे कार्डिओलॉजी कन्सल्ट (इतर विभागांच्या पेशंटबद्दल हृदयरोगाचा सल्ला देणारी टीम), मिशिगनमधल्या कम्युनिटी हॉस्पिटलात जनरल मेडिसिनचा वॉर्ड, आणि शिकागोत फी भरून मिळणारं खासगी क्लिनिक. अर्ज इंटर्नल मेडिसिनला, पुढच्या सप्टेंबरात. माझं मत विचाराल तर मिशिगन पहिलं, कार्डिओलॉजी दुसरं, आणि क्लिनिकचे पैसे वाचवा.

आमच्या रेसिडेन्सी प्रोग्रॅममध्ये अर्ज चाळायला मी बसतो. 'मेहनती, वक्तशीर, टीममध्ये मिसळणारा' अशी पत्रं ढिगाने येतात आणि ती वाचून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. लक्षात राहतं ते वेगळं पत्र. उदाहरणार्थ: रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे फारच कमी असलेला पेशंट, इंटर्न (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) सलाइन लावायला निघाला होता, तेव्हा या विद्यार्थ्याने आधी युरिन ऑस्मोलॅलिटी (लघवी किती दाट आहे याची तपासणी) पाठवू या म्हणून सुचवलं. असं वाक्य लिहायला अटेंडिंग (पेशंटची जबाबदारी असलेला वरिष्ठ डॉक्टर) तुमच्या शेजारी उभा असावा लागतो, तोही बरेच दिवस.

इथेच मोठी रुग्णालयं दगा देतात. तिथे वॉर्डवरचे अटेंडिंग एक-दोन आठवड्यांनी बदलतात. कन्सल्ट सर्व्हिसवर फेलो (रेसिडेन्सीनंतरचं पुढचं प्रशिक्षण घेणारे), रेसिडेंट, तिथले स्वतःचे विद्यार्थी आणि मग तुम्ही. महिना संपतो तेव्हा चार जणांनी तुम्हाला थोडं थोडं पाहिलेलं असतं आणि पत्र लिहिण्याइतकं कोणीच ओळखत नाही. लेटरहेड मात्र झकास मिळतं! म्हणून होकार कळवण्याआधी कोऑर्डिनेटरला ईमेल करून विचारा: अटेंडिंग सलग किती दिवस असतो? विद्यार्थ्याला स्वतःचे पेशंट मिळतात का? नोट लिहायला कॉम्प्युटरचा ॲक्सेस असतो का? आणि त्या रुग्णालयाची स्वतःची मेडिसिन रेसिडेन्सी आहे का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. रेसिडेन्सी असेल तर तुमचा अटेंडिंग बहुधा तिथल्या इंटरव्ह्यूंतही असतो, त्यामुळे पत्राबरोबर इंटरव्ह्यूचीही शक्यता वाढते. कार्डिओलॉजीत एकच अटेंडिंग किमान दोन आठवडे असेल, तर ते दुसरं रोटेशन म्हणून जरूर घ्या.

अमेरिकन विद्यार्थ्यांचे सल्ले वाचून गोंधळू नका. त्यांच्यात इमर्जन्सी मेडिसिन किंवा ऑर्थोपेडिक्सवाले अवे रोटेशनला (स्वतःचं कॉलेज सोडून दुसऱ्या रुग्णालयातल्या रोटेशनला) जिवावर उदार होऊन जातात, कारण ते जवळजवळ महिनाभराचा इंटरव्ह्यूच असतो. इमर्जन्सीत तर पत्राचा ठरीव नमुना आहे, त्यात या विद्यार्थ्याला आपल्या रँक लिस्टमध्ये (उमेदवारांच्या पसंतीक्रमाच्या यादीत) साधारण कुठे ठेवाल असंही विचारतात. इंटर्नल मेडिसिनला त्यांना अवेची फारशी गरज पडत नाही. आपल्याला, भारतातून येणाऱ्यांना, पडते, कारण आपलं सगळंच काम त्यांच्या नजरेबाहेर झालेलं असतं. त्यात स्टेप १ (अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा) जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली. आता अर्जाचं वजन स्टेप २ चे मार्क आणि पत्रं यांच्यावरच आलंय.

क्लिनिकला नाही म्हणतोय कारण तिथे बहुतेकदा बघ्याची भूमिका असते, आणि रेसिडेन्सी बहुतांशी वॉर्डात होते. शिवाय फी घेऊन दिलेली साचेबद्ध पत्रं वाचणाऱ्याला ओळखू येतात.

इलेक्टिव्ह विद्यार्थिदशेतच मिळतं, पदवीनंतर उरते ती ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे नुसतं बघत शिकणं. आपल्याकडे इंटर्नशिप करणाऱ्याला काही रुग्णालयं विद्यार्थी धरतात, काही धरत नाहीत. हे लेखी विचारून घ्या आणि डीन ऑफिसचं पत्र लवकर मागा, आपल्याकडे सहीला किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. रोटेशन एप्रिल ते जुलैत बसवा. ईरासवर (रेसिडेन्सी अर्जांच्या ऑनलाइन यंत्रणेवर) अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीला भरता येतात आणि महिनाअखेरीस प्रोग्रॅम ते उघडतात. ऑगस्टमध्ये रोटेशन संपलं तर पत्रासाठी अटेंडिंगच्या मागे लागण्यात जीव जाईल.

एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रं जातात. तीन अमेरिकेतली मेडिसिनची आणि चौथं तुमच्या कॉलेजातल्या, तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या सरांचं, हे मिश्रण मला आवडतं.

राउंडवर आपली मुलं हिस्ट्री सुरेख सांगतात, आणि प्लॅन आला की सरांच्या तोंडाकडे बघतात. तसं करू नका. चुकला तरी चालेल, पण स्वतःचा प्लॅन कारणासकट सांगा. दुसऱ्या आठवड्याअखेर 'मी कशात सुधारणा करू?' असं विचारा, सांगितलेलं दोन दिवसांत करून दाखवा, आणि मग समोरासमोर विचारा: माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का? उत्तर देताना चाचरले तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. हो म्हणाले तर सीव्ही, पर्सनल स्टेटमेंट, तुम्ही सांभाळलेल्या दोन-तीन पेशंटची आठवण करून देणारा छोटा मजकूर आणि ईरासचा लेटर रिक्वेस्ट फॉर्म त्याच दिवशी पाठवा. पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण जरूर करा, नाहीतर वाचणारे त्या पत्राला फारशी किंमत देत नाहीत.

आणि मिशिगन ठरलं तर खोली रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर बघा. राउंडआधी पेशंट तपासायला पहाटे पोचावं लागतं, आणि त्या वेळी बसच्या भरवशावर राहता येत नाही.