आईच्या संधिवातासाठी ऑनलाइन मिळणारे ‘विजया तेल’ मागवले, तर ते कायदेशीर ठरेल का?

मी तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो आणि हा प्रश्न काउंटरवर वरचेवर ऐकतो. हे तेल भांग-गांजाच्या झाडाचे असते आणि ते झाडाच्या कोणत्या भागापासून काढले आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे फुलाफळांचे शेंडे, येतात. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बी त्या व्याख्येबाहेर आहेत. पानांचे, म्हणजे भांगेचे, नियमन राज्याराज्यांत वेगवेगळे आहे. उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, तर आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यातच भांगेचा समावेश आहे.

आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात. तिच्या पानांपासून औषध बनवायचे, तर उत्पादकाला राज्याच्या औषध प्रशासनाकडून आयुर्वेदिक परवाना घ्यावा लागतो आणि भांग विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना लेबलवर छापावी लागते. हेम्पच्या, म्हणजे याच झाडाच्या, बियांचे तेल मात्र अन्नपदार्थ आहे. त्याला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली.

एका गृहस्थांनी माझ्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या होत्या. दोन्हींवर तेच हिरवे पान. एकीवर चौदा अंकी अन्न परवाना होता आणि आतल्या तेलाला शेंगदाण्यासारखा वास येत होता. दुसरीवर आयुर्वेदिक परवाना, बॅच क्रमांक आणि वरची सूचना होती. आईच्या गुडघेदुखीवर ते चार महिने पहिलीच देत होते. बियांच्या तेलात सीबीडी, म्हणजे या झाडातले दुखण्यासाठी घेतले जाणारे द्रव्य, जवळजवळ नसते, हे त्यांना विकणाऱ्याने सांगितले नव्हते, याचा मला आजही राग येतो. आयुर्वेदिक औषधे विकण्यासाठी वेगळा विक्री परवाना लागत नाही, त्यामुळे ही फसवणूक दुकानापाशी अडत नाही. विजयायुक्त औषधांपुरता तरी तो सक्तीचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा परवाना क्रमांक आणि घटकांमध्ये ‘विजया पत्र’ हा उल्लेख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आईंना रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, कारण सीबीडीमुळे तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आणि आई दुबईला वगैरे मुलीकडे जाणार असतील, तर ही बाटली घरीच राहू द्या. इथला आयुर्वेदिक परवाना तिथे ग्राह्य धरला जात नाही आणि तिथले अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत.