लीड की ग्रिहा ते नंतर ठरवा, आधी बीओक्यूतली 'टेस्टिंग अँड कमिशनिंग'ची ओळ वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. सभागृहाने ठराव केलाय की यापुढच्या आपल्या सगळ्या इमारती ग्रीन म्हणजे पर्यावरणपूरक, गोल्ड रेटिंगच्या, तुम्हाला नोडल अधिकारी करून टाकलंय, प्रशासकीय इमारतीचं टेंडर पुढच्या महिन्यात निघतंय, आणि तुम्ही विचारताय की ग्रीन इमारतींची जी वेगवेगळी रेटिंगं आहेत त्यातलं लीड घ्यावं, ग्रिहा घ्यावं की एज. मीही याच खुर्चीत बसून हाच प्रश्न दहा जणांना विचारत फिरलो होतो. दहा जणांनी दहा उत्तरं दिली आणि खरी गोची भलतीकडेच निघाली.

आधीच सांगतो, मी काही या विषयातला परीक्षा पास झालेला तज्ज्ञ नाही. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या बांधकाम विभागात आयुष्य गेलं, आता निवृत्त. हातून एक मोठी इमारत आणि एक अर्धवट सोडलेली झाली. खाली जे आकडे देतोय ते लीडच्या व्ही४ (चौथ्या आवृत्ती) मधले, कारण मी त्यातच भाजलोय. आता व्ही५ पण आलंय, त्यामुळे तुमच्या आवृत्तीचं पुस्तक उघडून पडताळून घ्या, माझ्या भरवशावर फाईलवर काही लिहू नका.

रेटिंग कुठलं यावर माझं मत दोन वाक्यांत. मोठी, एसीवाली, खूप यंत्रणा असलेली इमारत असेल तर लीड किंवा ग्रिहा, आणि छोटं वाचनालय किंवा दवाखाना असेल तर एज, कारण त्यात ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य या तिन्हीत २० टक्के बचत दाखवायची असते, कागदांचा डोंगर नसतो. आणि ठरावात 'सगळ्या इमारती' असा शब्द असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. सिएटल शहराने २००० साली स्वतःच्या इमारतींसाठी लीड सिल्व्हरचं (गोल्डच्या खालची पायरी) धोरण आणलं तेव्हाही ५,००० चौरस फुटांची मर्यादा ठेवली होती. आमच्या ठरावात मर्यादा नव्हती, त्यामुळे पुढे एका ऑडिटरने पंपहाऊसचं सर्टिफिकेट मागितलं होतं. पंपहाऊसचं! दोन मोटारी आणि एक खिडकी.

आता मुद्द्याचं. बीओक्यू, म्हणजे टेंडरमधली बाबी, परिमाणं आणि दरांची यादी उघडा, यांत्रिकी आणि विद्युत कामांच्या शेवटी जा. तिथे एक ओळ असेलच, 'टेस्टिंग अँड कमिशनिंग, १ जॉब'. माझ्याकडे होती, माझ्या आधीच्यांकडे होती, कॉपी पेस्ट होत होत ती ओळ आपल्या सगळ्यांपेक्षा सीनियर झालीये. त्या ओळीचा अर्थ एवढाच की ठेकेदार मेगर लावून इन्सुलेशन बघणार, पंप चालू करून दाखवणार, आपण सही करणार, चहा होणार.

रेटिंगवाल्यांच्या भाषेतलं कमिशनिंग म्हणजे हे नव्हे, फक्त शब्द एकच आहे. तिथे तुमच्या बाजूने, म्हणजे मालकाच्या बाजूने, एक स्वतंत्र माणूस लागतो. तुम्हाला इमारतीकडून काय पाहिजे ते लिहिलेला कागद तो तपासतो, ड्रॉइंग त्या कागदाशी जुळतंय का बघतो, बसवलेली यंत्रणा त्याप्रमाणे चालते का याच्या चाचण्या लिहून देतो, स्वतः उभा राहून करून घेतो आणि रिपोर्ट तुम्हाला देतो, ठेकेदाराला नाही. लीड व्ही४ मध्ये हा माणूस डिझाइन डेव्हलपमेंट (आराखडा सविस्तर पक्का करायचा टप्पा) संपायच्या आत नेमलेला असावा लागतो. इमारत २०,००० चौरस फुटांपेक्षा मोठी असेल तर तो डिझाइनच्या किंवा बांधकामाच्या टीममधला चालत नाही. आणि ही पूर्वअट आहे. पूर्वअटीला गुण शून्य. हॉल तिकिटाला कुठे मार्क असतात, पण ते नसलं की पेपर कितीही चांगला गेला असता तरी काय उपयोग.

मी हे वाचलं होतं. खरं सांगतो, वाचलं होतं. म्हणून डिझाइन चालू असतानाच स्वतंत्र एजन्सी नेमायचा प्रस्ताव टाकला. फाईल एका कार्यालयात गेली (नाव घेत नाही, पैशांशी संबंधित होतं एवढंच समजा) आणि पाच आठवड्यांनी शेरा आला, 'सदर बाब मूळ अंदाजपत्रकात समाविष्ट असल्याने दुबार खर्च अनुज्ञेय नाही.' म्हणजे त्यांनी बीओक्यूतली ती १ जॉबवाली ओळ शोधून काढली होती. त्यांच्या बाजूने बघितलं तर चूक काहीच नाही, शब्द तोच, खर्च दोनदा. मी समजावायला गेलो तर म्हणे तपासणी काम झाल्यावर असते, आत्ता जमिनीवर वीट नाही तर तपासणाऱ्याला पैसे कशाचे? मी दुसऱ्यांदा टिपणी पाठवली, तिसऱ्यांदा पाठवली. तिसऱ्या वेळी फाईल 'पुन्हा सादर करू नये' असं लिहून आली.

इथे मी माती खाल्ली. कंटाळून, आणि टेंडरची तारीख डोक्यावर होती म्हणून, मी म्हटलं ठीक आहे, ओळ आहे ना, तीच वापरू. त्या ओळीपुढे 'ग्रीन रेटिंगच्या नियमांनुसार' असे तीन शब्द जोडले आणि सुटलो असं वाटलं. त्या तीन शब्दांचा अर्थ ठेकेदाराने त्याच्या सोयीने लावला, एसीवाल्या सब-कॉन्ट्रॅक्टरच्याच माणसाकडून अकरा पानी रिपोर्ट करून घेतला आणि बिल काढलं. रेटिंगवाल्यांकडे रिव्ह्यूला पाठवल्यावर पहिलाच प्रश्न आला, हा माणूस कोणाचा आणि कधी नेमला? दोन्हीचं खरं उत्तर लिहिलं तर संपलं, आणि खोटं लिहायचं नव्हतं. आमच्या एक्सेलमध्ये तेव्हा ६४ गुण होते. गोल्ड ६० ते ७९. ६४ गुण आणि सर्टिफिकेट नाही, हे वरिष्ठांना समजावून सांगताना माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच बघा. लॉबीच्या भिंतीला रेटिंगच्या प्लॅकसाठी (पाटीसाठी) चार भोकं पाडून ठेवली होती. त्यावर आता नोटीस बोर्ड आहे.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? पुढे कळलं की मालकाचाच पात्र कर्मचारी हे काम करू शकतो! सारख्या व्याप्तीच्या दोन प्रकल्पांचा अनुभव लागतो, डिझाइनच्या सुरुवातीपासून वापर सुरू झाल्यावर किमान दहा महिन्यांपर्यंतचा. पाणीपुरवठ्याकडे एक यांत्रिकी अभियंता बसला होता, आधीच्या नोकरीत त्याने दोन हॉस्पिटलं अशीच पार पाडलेली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात एक पत्र, झालं असतं काम, त्या कार्यालयाची गरजच नव्हती. मी बाहेरच्या एजन्सीसाठी भांडत बसलो आणि माणूस दुसऱ्या मजल्यावर डबा खात होता. तर तुम्ही आधी तुमच्या सगळ्या खात्यांत, वीज, पाणी, मलनिस्सारण, असा कोणी आहे का बघा. नसेल तर सल्लागाराच्या टेंडरमध्ये ही वेगळी बाब टाका आणि तिला 'कमिशनिंग' म्हणूच नका. 'मालकाच्या वतीने स्वतंत्र कार्यप्रणाली पडताळणी, डिझाइन टप्प्यापासून' असं काहीतरी लिहा. शब्द जुळला की आक्षेप येतो, शब्द जुळला नाही की फाईल पुढे सरकते. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही पण लागू आहे. फक्त रिव्ह्यूला पाठवायच्या नेमणूक पत्रात मूळ शब्द असू द्या, नाहीतर तिकडचे विचारतील.

कोणी म्हणेल, सर्टिफिकेट गेलं तर गेलं, इमारत तर चांगली झाली ना. मलाही तसंच वाटायचं. ताबा घेऊन चार महिने झाले असतील, एका रात्री साडेअकराच्या सुमारास घरून परत ऑफिसला गेलो, चार्जर विसरला होता. लिफ्टकडे जाताना तळघरातून घूंऽऽ असा आवाज. प्लांट रूममध्ये गेलो तर थंड पाण्याचा पंप जोरात चालू, इमारतीत मी आणि वॉचमन. वर बीएमएसच्या (इमारतीच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाच्या) स्क्रीनवर बघितलं तर हिरव्या अक्षरात 'ऑटो'. खाली पॅनेलवर सिलेक्टर स्विच 'हॅन्ड'वर, म्हणजे आपोआप बंद न होणाऱ्या स्थितीत, आणि तो कोणी हलवू नये म्हणून वर पिवळी चिकटपट्टी. कोणीतरी चाचणीच्या दिवशी हॅन्डवर टाकून पंप चालू करून दाखवला होता, सह्या झाल्या होत्या, आणि तेव्हापासून तो रोज चोवीस तास फिरत होता. वीजबिल बघून मी इतके दिवस कर्मचाऱ्यांना पंखे बंद करायची परिपत्रकं काढत होतो. स्वतंत्र माणूस असता तर 'रात्री आठनंतर पंप बंद होतो का' ही त्याच्या यादीतली साधी एक चाचणी असती.

आणि हे फक्त माझ्याच नशिबी आलं असंही नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या लोकांनी १०० लीड इमारतींच्या प्रत्यक्ष वापराचे आकडे तपासून २००९ मध्ये निबंध काढला होता. सरासरीने या इमारती क्षेत्रफळामागे १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या, पण त्यातल्याच २८ ते ३५ टक्के इमारती जोडीला घेतलेल्या साध्या इमारतींपेक्षा जास्त खात होत्या. म्हणजे साधारण तीनात एक. रेटिंग डिझाइनला मिळतं आणि बिल वापराला येतं, हे सभागृहाला ठराव करायच्या आधी सांगायला हवं, पण कोण सांगणार, फोटो सगळ्यांना हवा असतो.

बाकी भराभर. राडारोड्याचे गुण घ्यायचे असतील तर पहिल्या दिवसापासून वजनाच्या किंवा घनफळाच्या पावत्या लागतात, माल कुठे गेला त्यासकट. आमच्या साइट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ओल्या झालेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला, त्यावर काय, तर '१ गाडी', '१ गाडी', '२ गाडी (छोटी)'. त्याचं टन करून देणारा देव अजून जन्माला यायचाय. टेंडरमध्ये लिहा की पावत्या नाहीत तर त्या महिन्याचं बिल नाही. रंग, सीलंट आणि चिकटवण्याच्या मालाचे व्हीओसीचे (हवेत उडणाऱ्या रसायनांचे) कागद माल साइटवर येतानाच घ्या, नंतर डीलर फोन उचलत नाही.

उद्घाटनाची तारीख हा आणखी एक वैताग. फ्लश-आउटचा गुण पाहिजे असेल तर लोक आत जायच्या आधी दर चौरस फुटाला १४,००० घनफूट बाहेरची हवा आतून फिरवायची असते. तुमची यंत्रणा चौरस फुटाला मिनिटाला १ घनफूट देत असेल, जे बऱ्यापैकी जास्तच आहे, तरी हिशोबाने पावणेदहा दिवस सलग. ३,५०० घनफूट झाल्यावर लोकांना आत घेऊन उरलेलं नंतर पूर्ण करायची सोय आहे, पण त्यालाही अडीच दिवस लागतातच. आमच्याकडे रंग ओला असताना फीत कापली गेली. गुण गेला तो गेला, शिवाय पहिल्या आठवड्यात निम्मा आवक-जावक विभाग डोकं धरून बसला होता.

तुम्ही लिहिलंय की ओळखीचा ठेकेदार आत्तापासूनच 'डॉक्युमेंटेशनचे वेगळे पैसे' म्हणतोय. माझं मत, द्या. पण बीओक्यूत वेगळी बाब म्हणून आणि टप्प्याटप्प्याने. फुकटात मागितलं की फुकटातलं मिळतं. यावर माझे जुने सहकारी माझ्याशी अजिबात सहमत नाहीत, ते म्हणतात दरात धरून घ्यायला लावा. त्यांनी एकही रेटिंग पूर्ण केलेलं नाही हेही नमूद करतो.

आमचं पुढे काय झालं, तर नवीन बांधकामाचं रेटिंग सोडूनच दिलं. पाणीपुरवठ्यातला तोच अभियंता मागून घेतला, त्याने आठ महिने एकेक पॅनेल, एकेक डँपर (हवेची झडप) तपासला, त्यात सिलेक्टर हॅन्डवर असलेल्या अजून तीन मोटारी सापडल्या. मग बारा महिन्यांची मीटर रीडिंग घेऊन चालू इमारतीच्या रेटिंगमध्ये गेलो आणि सिल्व्हर मिळालं, मी निवृत्त व्हायच्या पंधरा दिवस आधी. तुमच्या जुन्या इमारती असतील तर मी म्हणेन हाच रस्ता आधी धरा, कारण तिथे खरी बिलं दाखवावी लागतात, एक्सेल चालत नाही. पण ठरावात 'नवीन इमारती' लिहिलं असेल तर तुमचा इलाज नाही, ते मला कळतं.

टेंडर निघायला महिना आहे म्हणजे वेळ कदाचित अजून गेलेली नसेल, पण ड्रॉइंग कुठल्या टप्प्यावर आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते सांगा, आणि बीओक्यूतली ती ओळ जशीच्या तशी इथे टाका, बाबींचे क्रमांक आणि दर खोडून. मसुदा मी सुचवतो. रविवारी दुपारनंतर मोकळा आहे.