संविधानाच्या कामात मुलीचे करिअर होऊ शकते का?

सोलापूरच्या एका पालकांचे पत्र आले आहे. ते टॉवेल कारखान्यात जॉबर आहेत. मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने एमपीएससी करावी अशी घरच्यांची इच्छा आहे, तर तिला लोकशाही आणि कायद्याच्या राज्यासाठी काम करणाऱ्या संघटनेत पूर्णवेळ जायचे आहे. ‘या मोर्चे-आंदोलनांत पोट भरेल का, आणि पोलीस-कोर्टाचे झेंगट मागे लागले तर तिचे पुढे काय?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. मात्र या कामाला आपण केवळ मोर्चे-आंदोलने समजत असाल, तर ते पुरते खरे नाही, कारण त्याचा फार मोठा भाग टेबलाशी बसून, कागदपत्रे चाळत करावा लागतो. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापकांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिने सुरू केलेल्या न्यायालयीन लढ्यामुळेच उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता आणि शिक्षण आज आपल्याला प्रतिज्ञापत्रातून कळते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे (नाव जाहीर न करता पक्षांना देणगी देण्याची योजना) घटनाबाह्य ठरवले, त्या प्रकरणातही ही संस्था याचिकाकर्ती होती. शाळेत मुलांना मिळणारे शिजवलेले माध्यान्ह भोजन देशभर बंधनकारक झाले तेही पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेच्या २००१ सालच्या याचिकेतील आदेशामुळे. १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या आणि चार हुतात्मे दिलेल्या आपल्या शहराला अशा कामाचे मोल मी वेगळे सांगायला नको.

हे काम शिकावे लागते, आणि माझा सारा भर त्यावरच आहे. एक साधे उदाहरण घ्या. एखाद्या विडी कामगार महिलेला दोन महिने रेशन मिळालेले नाही. तिच्या वतीने माहितीच्या अधिकारात ‘धान्य का दिले नाही?’ असे विचारले, तर बहुधा काहीच हाती लागत नाही, कारण कायद्याने अभिलेखात असलेली माहिती मागता येते, स्पष्टीकरण नव्हे. त्याऐवजी त्या दोन महिन्यांच्या साठा नोंदवहीच्या आणि वाटप नोंदींच्या साक्षांकित प्रती मागितल्या, तर धान्य दुकानात आले होते की नाही हे कागदावरच उघड होते. अर्जाला दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस, उत्तर न आल्यास प्रथम अपील, आणि तेथेही दाद न मिळाल्यास राज्य माहिती आयोग. ज्याला प्रश्न नेमका मांडता येतो आणि मुदतीच्या तारखा सांभाळता येतात, तोच येथे टिकतो. नुसत्या तळमळीवर फार काळ निभावत नाही.

म्हणून तिने पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. हा कायद्याचा पदवी अभ्यासक्रम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी राज्याची विधी सीईटी द्यावी लागते, आणि शिक्षणासाठी सोलापूर सोडण्याचीही गरज नाही. पदवी हाती असली की वकिली, पुढे एलएल.एम. करून विधी अध्यापन आणि न्यायसेवा हे तिन्ही मार्ग खुले राहतात. मात्र दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी आता तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे, हे ध्यानात असू द्या. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (मुख्यालयाबाहेर बसणारे न्यायपीठ) सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे ज्येष्ठ वकिलांकडे उच्च न्यायालयातील काम शिकण्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे असे राहिलेले नाही. शिकत असतानाच तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव देण्याबाबत चौकशी करावी. तिला तेलुगू किंवा कन्नड बोलता येत असेल तर शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोटच्या बाजूला तिचा उपयोग दुप्पट होईल.

आता पैशाचे. सुरुवातीचे मानधन बेताचेच असते आणि पुष्कळदा ते एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून असते. सरकारी नोकरीची शाश्वती येथे मिळणार नाही. म्हणूनच पदवीचा आग्रह मी धरतो आहे.

पोलीस प्रकरणाची भीती मी उडवून लावणार नाही. अर्ज, अपील, याचिका आणि सर्वेक्षण हे पूर्णपणे कायदेशीर काम आहे, परंतु जमावबंदीचा आदेश मोडून झालेल्या आंदोलनात गुन्हा नोंद होऊ शकतो आणि पुढे सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो सांगावाच लागतो. कोठे उभे राहायचे हा निर्णय तिचा असेल. तो तिने परिणाम ठाऊक करून घेऊन करावा आणि आपण तिला त्यासाठी घरात मोकळेपणाने बोलू द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संस्था निवडताना तिची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि निधीचा स्रोत विचारा. लेखी नियुक्तिपत्र देण्यास टाळाटाळ करणारी किंवा एखाद्या पक्षाचा प्रचार करवून घेणारी संस्था सरळ सोडून द्या. सीईटीच्या नोंदणीसाठी राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आतापासूनच लक्ष ठेवा, आणि तोवर तिने माहिती अधिकाराचा एक अर्ज स्वतः लिहून दाखल करावा. तो लिहिल्यावर तिला काय वाटले, हे तिनेच मला कळवले तर पुढचा सल्ला थेट तिला देता येईल.