वाचकांचे प्रश्न : मुलाने सांगितलेले ख्रुश्चेव

प्रश्न : सोव्हिएत संघाचे नेते निकिता ख्रुश्चेव यांचे चिरंजीव सर्गेई क्षेपणास्त्र-अभियंते होते. वडिलांविषयीचे त्यांचे लेखन शास्त्रज्ञाचे म्हणून तटस्थ मानावे, की मुलाची वकिली म्हणून बाजूला ठेवावे?

उत्तर : दोन्ही करू नये. प्रयोगशाळेतली शिस्त माणूस घरच्यांविषयी लिहितानाही पाळतो, ही आपली भाबडी समजूत आहे. सर्गेई १९५८ पासून दहा वर्षे क्षेपणास्त्र-रचनाकार चेलोमेई यांच्या संस्थेत क्षेपणास्त्र-नियंत्रणाचे काम करत होते. त्यामुळे १९६० मध्ये सैन्यात १२ लाखांची कपात जाहीर करून क्षेपणास्त्रांवर भिस्त ठेवण्यामागचा वडिलांचा विचार ते जाणकारीने उलगडतात. मात्र याच चेलोमेईंवर ख्रुश्चेव यांचा वरदहस्त होता आणि दुसरे रॉकेट-रचनाकार कोरोल्योव यांच्याशी चेलोमेईंची स्पर्धा होती, हे विसरून ती पाने वाचू नयेत. स्टालिनच्या काळात मॉस्को आणि युक्रेनमध्ये ख्रुश्चेव यांनी बजावलेली भूमिका, हंगेरीत १९५६ मध्ये घुसलेले रणगाडे, रशियातल्या नोवोचेर्कास्क शहरात १९६२ मध्ये संपकऱ्यांवर झालेला गोळीबार, यांच्या हिशेबाला तर मुलाची साक्ष अपुरीच आहे.

तरीही सर्गेई यांचे ऋण मोठे आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये पदच्युत झालेले ख्रुश्चेव मॉस्कोबाहेर पेत्रोवो-दाल्नेये येथे राहून आठवणी टेपवर बोलत. कधी बागेत बसून बोलत, म्हणून त्या फितींत वरून जाणाऱ्या विमानांची घरघरही उतरली आहे. ते बोलणे कागदावर उतरवून घेणे, संपादित करणे आणि त्याच्या प्रती सांभाळणे ही जोखीम सर्गेई यांनी पत्करली. १९७० मध्ये गुप्तहेर खात्याने त्यांच्याकडचे साहित्य ताब्यात घेतले, पण एक प्रत आधीच देशाबाहेर गेली होती आणि त्याच वर्षी त्या आठवणी पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध झाल्या. वडिलांच्या चुका शोधणाऱ्या इतिहासकारालाही आज याच फिती उघडाव्या लागतात, आणि माझ्या मते सर्गेई यांनी वडिलांसाठी केलेले सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीतली ख्रुश्चेव यांची समाधीही पाहण्यासारखी आहे. ज्या शिल्पकाराला ख्रुश्चेव यांनी १९६२ च्या प्रदर्शनात भर सभेत फैलावर घेतले होते, त्याच नेइझ्वेस्तनी यांच्याकडे कुटुंबाने हे काम सोपवले. त्यांनी पांढऱ्या आणि काळ्या दगडांचे ठोकळे एकमेकांत अडकवून मध्ये ख्रुश्चेव यांचे कांस्य मस्तक बसवले. अधिकाऱ्यांना हा आराखडा रुचेना, परंतु घरच्यांनी तो बदलू दिला नाही. ख्रुश्चेव १९७१ मध्ये वारले. समाधी उभी राहायला १९७५ साल उजाडले.