पीठ संपलंय, हे सांगायचं कुणाला?

*"ताई, माझे यजमान एमआयडीसीत 17 वर्षं एकाच कंपनीत होते. चार महिन्यांपूर्वी त्यांना कमी केलं. सध्या घर माझ्या शिवणकामावर चाललंय. मुलाच्या दहावीची फी थकलीय. रात्री अडीचला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. प्रार्थनासभेत एक भगिनी म्हणाल्या, चिंता म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे पाप. तेव्हापासून पैशाची काळजी आहेच, वर पापाचीही. मंडळीत आम्ही अजून कुणाला काही कळू दिलेलं नाही. यजमान रोज डबा घेऊन बाहेर पडतात. या वर्षी मंडळीला दशमांशही, म्हणजे कमाईचा दहावा भाग, दिला नाही. देवाने आमच्याकडे पाठ फिरवली का?" — एक भगिनी, अहिल्यानगर*

प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या पत्रात मी अडकले ती डब्यापाशी. चार महिने तुम्ही सकाळी उठून तो भरताय. तुमचे यजमान दुपारी तो कुठे बसून उघडत असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

आधी पापाचं बघू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात प्रभू 'चिंता करू नका' म्हणाला, ते कुणाला? गालीलातल्या गरिबांना. आज जाळ्यात मासे आले तर आज चूल पेटणार, आणि वर कराचं ओझं, अशी ती माणसं होती. तिथेच तो सांगतो की तुम्हाला या सगळ्याची गरज आहे हे तुमच्या स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे. अध्यायाचा शेवटही बघा: 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.' दुःख नाहीच, असं तो म्हणत नाही. ताप चढलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून आई 'घाबरू नको' म्हणते, तेव्हा ती त्याला रागावत नसते. त्या भगिनींचा हेतू चांगला असेल, पण हे वचन काठीसारखं वापरायचं नसतं.

माझे वडील शिक्षक होते. एका वर्षी त्यांचा पगार कित्येक महिने अडकला होता. आमच्याकडे पिठाचा पत्र्याचा डबा होता. त्याच्या तळाला वाटी खरवडल्याचा आवाज मला आजही ओळखता येईल. एका संध्याकाळी आईने मला रिकामी वाटी देऊन शेजारच्या काकूंकडे पाठवलं. मला लाज वाटली. मी सांगून टाकलं, "पाहुणे आलेत, थोडं पीठ हवंय." घरी येऊन हे सांगितल्यावर आईने भरलेली वाटी माझ्या हातात परत दिली. "जा, खरं सांगून ये. पीठ संपलंय म्हण." मी रडत गेले. काकूंनी वाटी ठेवून घेतली आणि पायलीभर ज्वारीच बांधून दिली. त्या रात्री 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणताना आईचा आवाज फुटला होता.

रानात इस्राएली लोकांना देवाने आभाळातून दिलेल्या अन्नाची, मान्न्याची, गोष्ट तुम्हाला पाठ असेल: माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, आणि उद्यासाठी ठेवला की त्यात किडे. आपण तिथेच थांबतो. पण प्रेषित पौलाने हाच मान्ना करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात कशासाठी आठवला? यरुशलेमेतल्या गरीब भावांसाठी वर्गणी मागताना! तो करिंथकरांना म्हणतो, आज तुमच्याकडे जास्त आहे, त्यांची तूट भरा. उद्या उलटं होईल. मान्ना आता आभाळातून पडत नाही, शेजाऱ्याच्या हातून येतो. तुम्ही मात्र दार लावून घेतलंय.

दार उघडणं म्हणजे हात जोडून बसणं नव्हे. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी विधवा आणि मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. त्या गुडघ्यावर बसून प्रार्थना करणाऱ्या बाई होत्या, आणि विहिरी खणून घेणाऱ्याही.

तेव्हा या आठवड्यात दोघं मिळून पाळकसाहेबांकडे जा. एकट्या जाऊ नका, यजमानांना बरोबर न्या. 17 वर्षं मशिनवर काढलेल्या माणसाला काम लावू शकणारं कुणीतरी त्याच बाकांवर बसत असेल. त्यांना कळणार कसं? मुख्याध्यापकांना भेटून फीचे हप्ते मागा. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी, कापली जात असेल, तर नोकरी गेलेल्यांना काही काळ भत्ता देणारी, 2018मध्ये सुरू झालेली योजना आहे; ती सध्या चालू आहे का आणि अटी काय, हे कार्यालयात जाऊन विचारा. पीएफचीही चौकशी करा. तो तुमचाच पैसा आहे, आणि तो मागण्यात अविश्वास नाही. मिसरात योसेफानेही पुढच्या दुष्काळासाठी सात वर्षं धान्य साठवलं होतं.

दशमांशाचं म्हणाल, तर पौल त्याच अध्यायात लिहितो की जवळ असेल त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही. लेकराची फी थकवून दशमांश देऊ नका, असंच मी सांगेन.

रात्री अडीचला जाग आली, तर लांबलचक प्रार्थना करू नका. आजचा दिवस कसा निघाला, तेवढंच देवबापाला सांगा: दोन ब्लाउज शिवले, एकीने पैसे दिले, दुसरीने दिले नाहीत.

आणि उद्या डबा भरू नका. दुपारी यजमानांना घरीच ताट वाढा. मुलालाही सांगा, पंधरा वर्षांच्या पोराला बहुधा केव्हाच कळलेलं असतं. त्याच्या परीक्षेची तारीख मला कळवा, त्या सकाळी मी त्याच्यासाठी प्रार्थना करीन.

तुमची ताई