किल्नवरचे बाबा आणि कार्बन पकडायला निघालेली लेक

ताई, नमस्कार.

मुलगी बारावीला, पीसीएम ग्रुप. तिचे बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यात किल्नवर, म्हणजे चुनखडी भाजायच्या भट्टीवर. जेवताना लेक म्हणते, "तुमच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडून मी जमिनीत गाडणार." बाबा म्हणतात, "अगं, त्याला बॅग फिल्टर बसवलाय की." त्यात एका खासगी संस्थेची जाहिरात घरी आली: 'बी.टेक. कार्बन मॅनेजमेंट', चार वर्षांचे 14 लाख. हे सगळं खरं आहे की दोन वर्षांत ओसरणारं फॅड, आणि पैसे भरावेत का, असं तुम्ही विचारलंय.

पैशांचं आधी सांगते. भरू नका. कारण पुढे येईलच.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बॅग फिल्टर धूळ अडवतो. वायू त्यातून आरामात निघून जातो. सिमेंट चुनखडीपासून बनतं, आणि त्याची गोम अशी की 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कोळशाचा धूर वेगळाच. उद्या किल्न सौर विजेवर चालवली तरी हे 44 किलो सुटणारच, कारण ते दगडातच आहेत. विजेसाठी कोळशाला पर्याय आहेत, चुनखडीला अजून तरी तितका सोपा पर्याय नाही. म्हणून मला विचाराल तर कार्बन पकडण्याची खरी गरज वीज केंद्रांपेक्षा सिमेंटला जास्त. तुमच्या लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलंय, आणि तेही बहुधा रोज ती चिमणी बघून.

नॉर्वेत ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात 2025 मध्ये हे सुरू झालं. वर्षाला 4 लाख टन पकडायचे, म्हणजे कारखान्यातून सुटणाऱ्या वायूच्या साधारण निम्मे. पद्धत ऐकायला साधी आहे. धूर थंड करून अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून सोडतात, द्रावण कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. मग तेच द्रावण 120 अंशांच्या आसपास तापवलं की ते वायू सोडून देतं आणि पुन्हा कामाला येतं. सगळा खर्च त्या तापवण्यात. पकडलेला वायू द्रवरूप करून जहाजाने किनाऱ्यावरच्या टर्मिनलला, तिथून पाइपने समुद्रतळाखाली सुमारे अडीच किलोमीटरवरच्या वालुकाश्मात.

नॉर्वेला हे नवं नाही. स्लाइपनर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात 1996 पासून वर्षाला 10 लाख टनांपर्यंत खाली सोडत आले आहेत. हौस म्हणून नव्हे. 1991 मध्ये तिथे कार्बन कर लागला आणि वायू हवेत सोडण्यापेक्षा गाडणं स्वस्त पडलं. आपल्याकडे तसा कर नाही. 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना अधिसूचित झाली आणि सिमेंट त्यात आहे: ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी वायू सोडणाऱ्या कारखान्याला क्रेडिट मिळतं, ते विकता येतं. नोकऱ्या किती आणि कधी निघतील हे त्या क्रेडिटला काय भाव मिळतो त्यावर ठरेल.

फॅडच्या शंकेबद्दलही सांगते, लेकीला आवडणार नाही तरी. जग दरवर्षी इंधन जाळून आणि सिमेंट भाजून 37 अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. पकडण्याची क्षमता आहे जेमतेम 5 कोटी टनांची. हजारामागे दीड टनही नाही. त्यातलाही बराच भाग जुन्या विहिरींतून आणखी तेल काढायला वापरतात. टेक्सासचा पेट्रा नोव्हा प्रकल्प 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर बंद पडला, तो 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. काही कंपन्या 'आम्ही पकडू' म्हणत जुनंच चालू ठेवतात, ही टीका मला पटते. तरी सिमेंटचे ते 44 किलो उरतातच.

आता पदवी. वीसेक वर्षांपूर्वी नॅनोटेक्नॉलॉजीची अशीच लाट होती. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने नावात 'नॅनो' असलेली पदवी घेतली. पुढे प्रत्येक मुलाखतीत त्याला एकच प्रश्न: "म्हणजे तुम्ही नक्की केमिकलचे की मेकॅनिकलचे?" एम.टेक.च्या प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेत केमिकलचा पेपर आहे, पेट्रोलियमचा आहे, भूशास्त्राचा आहे. कार्बन मॅनेजमेंटचा नाही. संस्थेला एवढंच विचारा, आमची मुलगी गेटला कुठल्या पेपरला बसेल? उत्तर देताना समोरचा अडखळला की समजा.

पकडणं हे केमिकल इंजिनिअरचं काम. त्यासाठी नागपूर घराजवळ आहे: तिथे केमिकलसाठी दोन संस्था आहेत, जेईईतून व्हीएनआयटी, सीईटीतून एलआयटी. गाडणं हे भूशास्त्र आणि पेट्रोलियमवाल्यांचं. बी.एस्सी. भूशास्त्र करून जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली तर आयआयटी मुंबईत एम.एस्सी.ला जाता येतं. कार्बन पकडण्या-वापरण्याचं राष्ट्रीय केंद्रही त्याच आयआयटीत आहे.

दगडाची वाट मला स्वतःला जास्त खुणावते. आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांच्या आत त्यातला 95 टक्क्यांहून अधिक दगड होऊन बसला. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्टच, विदर्भाच्या पश्चिमेपासून पार सह्याद्रीपर्यंत. पण एक टन वायूमागे 25 टनांच्या आसपास पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे पाणी कुठून आणायचं? आपल्याकडे हे अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे. हाडाच्या संशोधकाला ते चालेल. पदवी हाती पडताच पगार हवा असेल तर केमिकल बरं.

पकडणं की गाडणं, हे आज ठरवायची घाई नाही. या रविवारी एक करा. पानाला लावायचा चुना चिमूटभर घ्या, ग्लासभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळी अलगद दुसऱ्या ग्लासात ओता आणि लेकीला स्ट्रॉने त्यात फुंकायला सांगा. फुंकायचंच, ओढायचं नाही. निवळी दुधाळ होईल. बाबांची किल्न जे सोडवते तेच इथे उलटं जुळून येतंय, तिच्या श्वासातून. बाबांना शेजारी बसवा.

दुधाळ झाल्यावरही बराच वेळ फुंकत राहिलं तर पाणी पुन्हा स्वच्छ व्हायला लागतं. का, ते तुम्ही कोणी सांगू नका. तिला शोधू द्या आणि उत्तर मला तिच्याच अक्षरात पाठवायला सांगा.