भजनी मंडळासाठी सहा चॅनलचा छोटा मिक्सर घेतलाय. दोन गायक, पेटी आणि पखवाज. कसा जोडायचा? आवाज फाटतो, मोठा घ्यावा का?

मोठा अजिबात घेऊ नका. गेन, म्हणजे माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते ठरवणारं बटण, चुकला की बारा चॅनलच्या मिक्सरमध्येही आवाज फाटतोच.

सोलापुरात, बाळीवेशीतल्या आमच्या मंडळात हा वाद अजून मिटलेला नाही. संक्रांत, सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस, मठात भजन. पखवाजावर थाप पडली की स्पीकर भर्रर्र करायचा. मिक्सरवर बसलेले अण्णा फेडर, म्हणजे गेननंतर आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढत गेले. आवाज बारीक झाला, फाटायचा थांबला नाही. एक आजी सिद्धरामेश्वरांचं कन्नड वचन म्हणत होत्या, त्यातला एक शब्द कळेल तर शपथ! अण्णांनी तिथंच निकाल दिला, "मिक्सर लहान पडतोय."

मी उठून स्पीकरच्या मागं गेलो. अ‍ॅक्टिव्ह स्पीकर होता, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला. त्याला वायर लावतात तिथं शेजारी एक खटका असतो, एकीकडं लाईन, दुसरीकडं माईक. तो माईकवर होता. मिक्सरमधून येतो तो आधीच वाढवलेला सिग्नल, त्याला स्पीकर आणखी वाढवत होता. खटका लाईनवर केला. मग गेन. अण्णांनी चारही बटणं अगदी एका रेषेत लावलेली. अहो, पखवाजाची थाप आणि सत्तरी ओलांडलेल्या आजींचा गळा, दोघांना एकच गेन कसा चालेल? पखवाजवाल्यांना म्हटलं, हात राखू नका, पूर्ण जोरात वाजवा. मिक्सरवरचा, आवाज फाटत असल्याचं सांगणारा तांबडा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत त्यांचा गेन उतरवला, आजींचा चढवला. वचन पार दारापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. एवढं होऊनही अण्णा प्रत्येक बैठकीत बारा चॅनलचा विषय काढतातच!

तुमच्याकडंही मला हेच दिसतंय. माईक तीन पिनांच्या सॉकेटात, मिक्सरमधून आवाज बाहेर जातो ते मेन आऊट स्पीकरच्या लाईनला, बास. "हॅलो, चेक" वर गेन कधीच लावायचा नाही, कारण गजर रंगात आला की तोच माणूस दुप्पट जोरात गातो. त्याला खरोखर गायला लावा, गेन बसवा, फेडर शून्य लिहिलेल्या खुणेवर आणा (अगदी खाली नव्हे) आणि पुढची उचलठेव फेडरनं करा. लो कट, म्हणजे खालचे जाड आवाज कापणारं बटण, गायकांच्या चॅनलला दाबा, पखवाजाला नको, धुमाचा भरदारपणा जातो. इको बंद. भजनात शब्द कळले पाहिजेत, आणि इकोनं नेमके तेच जातात. हे मी अण्णांनाही सांगितलंय.

शिट्टी येत असेल तर स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढं सरकवा, तोंड श्रोत्यांकडं.

एक राहिलंच. खोक्यावर सहा चॅनल लिहिलेलं असलं तरी अशा बऱ्याच मिक्सरना माईकची सॉकेटं दोनच असतात, बाकीची लाईनची. तुम्हाला चार माईक लागणार, तेव्हा आधी ती मोजा. दोनच निघाली तर मात्र चार माईकवाला घ्यावा लागेल, पण तेवढाच. आणि चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. नाहीतर धाडकन आवाज होतो आणि एखाद्या दिवशी स्पीकर जातो.